गंधार आणि तीव्र मध्यम : टोयोटाच्या दोन गाड्या

घरात पेटी असेल तर एक करून बघा. पांढरी एकला षड्ज धरा. मध्य सप्तकातला शुद्ध गंधार दाबा, भाता हलवत राहा आणि सूर कानात नीट बसू द्या. मग तार सप्तकात जाऊन तीव्र मध्यम दाबा. पहिला सूर १९६७ सालच्या टोयोटा २०००जीटीचा, इंजिन पूर्ण ताकदीवर असतानाचा. दुसरा २०१० साली बाजारात आलेल्या लेक्सस एलएफएचा (लेक्सस हा टोयोटाचाच महागड्या गाड्यांचा ब्रँड), इंजिन रेडलाइनला, म्हणजे फिरण्याच्या कमाल मर्यादेला, पोचल्यावरचा. तीव्र मध्यमापेक्षा ती गाडी किंचित चढी बोलते, पण पट्टी तीच.

हा हिशेब साध्या गुणाकाराचा आहे. आपल्याकडे पोरं गाडीच्या आवाजाला ‘फायरिंग’ म्हणतात, आणि तो शब्द अगदी नेमका आहे. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पेट्रोलचा भडका उडतो, तेवढ्या वेळा हवेला धक्का बसतो. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, दोनदा फिरला की प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. बुलेटला सिलिंडर एकच, म्हणून उभ्या गाडीचा एकेक ठोका वेगळा ऐकू येतो. सिलिंडर वाढवा, फिरण्याचा वेग वाढवा, की ठोके जवळजवळ येतात आणि शेवटी त्यांचा सूर होतो. २०००जीटीला सहा सिलिंडर, म्हणजे क्रँकच्या एका फेऱ्यात तीन भडके. मिनिटाला ६६०० फेरे म्हणजे सेकंदाला ११०, त्याला तीनने गुणा : सेकंदाला ३३० ठोके. पेटीवरचा तो गंधारही सेकंदाला जवळपास ३३० वेळाच थरथरतो. एलएफएला दहा सिलिंडर, फेऱ्याला पाच भडके, मिनिटाला ९००० फेरे. सेकंदाला ७५० ठोके. तार सप्तकातला तीव्र मध्यम ७४० वर असतो.

गाड्यांच्या गप्पांत या दोन नावांची तुलना निघाली की लगेच कमाल वेग, अश्वशक्ती, लिलावातले आकडे यांवर गाडी घसरते. ते आकडे पुढे येतीलच. पण त्रेचाळीस वर्षांच्या अंतराने झालेल्या या दोन गाड्या एकमेकींशेजारी का ठेवायच्या, याचं उत्तर मला सुरात आणि सुतात सापडतं. दोन्हींची इंजिनं टोयोटाने यामाहाच्या जोडीने घडवली. यामाहाचं मूळ वाद्यात आहे आणि टोयोटाचं मागात.

१८८७ साली हमामात्सु गावातल्या एका शाळेत परदेशातून आलेला रीड ऑर्गन बिघडला. तोराकुसु यामाहा नावाच्या कारागिराने तो दुरुस्त केला आणि मग तसाच ऑर्गन स्वतः बनवायला घेतला. हे वाद्य मराठी माणसाला परकं नाही. संगीत नाटकाच्या पिटात पायाने भाता मारत वाजवायची पायपेटी ती हीच. ऑर्गनमागून पियानो आले, आणि १९५५ साली त्याच घराण्यातून मोटरसायकलींची वेगळी कंपनी निघाली. यामाहाच्या चिन्हातले तीन दांडे बघितले आहेत ना? ते सूर जुळवायचे ट्युनिंग फोर्क आहेत. आपल्याकडच्या आरएक्स १०० वर जीव टाकणाऱ्या कितीतरी लोकांना हे ठाऊक नसतं.

टोयोटाची गोष्ट मला जास्त जवळची, कारण मी इचलकरंजीत यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलो. साकिची टोयोडा हा सुताराचा मुलगा. आईला हातमागावर राबताना बघून त्याने मागात सुधारणा करायला सुरुवात केली. १९२४ साली त्याचा ‘जी’ प्रकारचा स्वयंचलित माग तयार झाला : धोट्यातलं सूत संपत आलं की माग न थांबता नवा धोटा आपोआप बसायचा, आणि ताण्याचा एखादा धागा तुटला तर माग स्वतःहून थांबायचा. मागावर उभं राहिलेल्या माणसाला या दोन गोष्टींची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. १९२९ साली त्या मागाचे हक्क ब्रिटनच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने १ लाख पौंडांना घेतले. साकिचीचा मुलगा किइचिरो याने १९३३ मध्ये मागाच्या कारखान्यातच मोटारीचा विभाग उघडला. भारतातसुद्धा हे घराणं किर्लोस्करांबरोबर आधी १९९५ मध्ये कापडधंद्याची यंत्रं करायला आलं, मोटारींची भागीदारी १९९७ ची.

हे डोक्यात ठेवून १९६५ च्या जपानमध्ये चला. ऑलिंपिक वर्षभरापूर्वीच झालेलं. पहिला लांब पल्ल्याचा द्रुतगती महामार्ग नुकता पूर्ण झालेला. परदेशी मोटारींच्या आयातीवरची बंधनं त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात उठली. टोयोटाचा लौकिक भरवशाच्या आणि टॅक्सीला चालणाऱ्या गाड्यांचा. जगाच्या लेखी जपानी गाडी म्हणजे स्वस्त गाडी. अशा वेळी टोकियोच्या मोटार प्रदर्शनात एक पांढरी, लांब नाकाची, जमिनीला चिकटलेली गाडी उभी राहिली. उंची फक्त १ मीटर १६ सेंटिमीटर. आपल्या नेहमीच्या स्विफ्टपेक्षा फूटभराहून जास्त ठेंगणी.

प्रकल्पाची सूत्रं जिरो कावानो यांच्याकडे होती, आकार सातोरु नोझाकी यांचा. एका परदेशी डिझायनरने ही गाडी काढली अशी दंतकथा बरीच वर्षं फिरत राहिली. तीत तथ्य नाही. मात्र गाडीवर इंग्लंडची छाप आहे, हे मान्य केलं पाहिजे. नाकाची ठेवण जग्वार ई-टाइपची आठवण करून देते, आणि पोलादी कण्यावर सगळी गाडी तोलायची रचना लोटस एलानच्या वळणाची आहे. शिकणारा माणूस आधी चांगल्याचा कित्ता गिरवतो. मला यात कमीपणा दिसत नाही.

इंजिनाची कथा खास आहे. त्याचा खालचा भाग टोयोटाच्या क्राउन या शांत, घरंदाज गाडीतला : दोन लिटर, एका ओळीत सहा सिलिंडर. यामाहाने त्यावर अॅल्युमिनियमचं नवं हेड बसवलं, आत एका कॅमशाफ्टच्या जागी दोन. कॅमशाफ्ट म्हणजे व्हॉल्व्ह उघडमिट करणारा दांडा. हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हना एक दांडा आणि धूर बाहेर सोडणाऱ्यांना दुसरा, असं केलं की व्हॉल्व्ह हवे तसे तिरपे बसवता येतात आणि इंजिन मोकळा श्वास घेतं. जोडीला तीन कार्बोरेटर, प्रत्येकाला दोन नळ्या. म्हणजे सहा सिलिंडरना सहा नळ्या, प्रत्येकाला स्वतःचा गळा. क्राउनमध्ये जेमतेम १०५ अश्वशक्ती देणारं इंजिन इथे १५० द्यायला लागलं. आज दीड लिटरच्या टर्बो इंजिनातून तेवढी ताकद सहज निघते, पण १९६७ साली, टर्बो नसताना, दोन लिटरमधून ही मोठी मजल होती. चारही चाकांना डिस्क ब्रेक देणारी ही पहिली जपानी गाडी.

तिच्या डॅशबोर्डपाशी मात्र थोडं थांबायला हवं. समोर चकाकत्या कडांची गोल घड्याळं : दोन मोठी, वेगाचं आणि आरपीएमचं, बाकी लहान. ती ज्या फळीत बसवली आहेत ती रोझवूडची, आपल्या शिसवीच्या जातकुळीची. वरून आरशासारखी पॉलिश, आत रेषा वाहत गेलेल्या. हे काम यामाहाच्या वाद्यं घडवणाऱ्या सुतारांचं. पियानोच्या पेटीला जो हात फिरतो तोच इथे फिरला. स्टिअरिंगची कडाही लाकडाची. मोटारीच्या कारखान्याकडे असे सुतार नव्हते, वाद्यांच्या कारखान्याकडे होते, आणि भागीदारी केली की भागीदाराचे हातही आपसूक सोबत येतात.

गाडी दिसायला देखणी असली तरी टिकेल का, या शंकेला ऑक्टोबर १९६६ मध्ये उत्तर मिळालं. याताबे इथल्या चाचणी ट्रॅकवर २०००जीटी दिवसरात्र पळवली. चाक फक्त पेट्रोल, टायर आणि ड्रायव्हर बदलण्यापुरतं थांबे. मध्येच वादळ येऊन धो धो पाऊस कोसळला, तरी गाडी पळत राहिली. ७८ तासांत १० हजार मैल, म्हणजे सोळा हजार किलोमीटरहून जास्त, ताशी सरासरी २०६ किलोमीटरने. तीन जागतिक विक्रम आणि तेरा आंतरराष्ट्रीय विक्रम झाले. पुणे ते मुंबई दीडशे किलोमीटर धरा. तेवढं अंतर शंभराहून जास्त वेळा, एका दमात, प्रत्येक खेपेला पाऊण तासाच्या आत. दोन लिटरच्या इंजिनाने.

विक्री मात्र बेताची झाली. जपानात किंमत २३ लाख ८० हजार येन. त्याच सुमारास आलेल्या पहिल्या कोरोलाची किंमत ४ लाख ३२ हजार येन, म्हणजे एका २०००जीटीत साडेपाच कोरोला. अमेरिकेत तेवढ्या पैशांत पोर्शे किंवा जग्वार मिळत होती. यामाहाच्या कारखान्यात हाताने जोडलेल्या या गाड्या १९७० पर्यंत जेमतेम साडेतीनशेच्या आसपास झाल्या. १९६७ च्या जेम्स बाँडच्या चित्रपटात ती झळकली, तीही छप्पर कापून, कारण शॉन कॉनरी आत मावेना. खास त्यासाठी दोन उघड्या गाड्या तयार केल्या. चित्रपटात बाँड ती एकदाही चालवत नाही, चाक बाईच्या हातात असतं.

इथून तीस वर्षं सोडून देऊ. मधल्या काळात टोयोटाने उत्तम स्पोर्ट्‌स गाड्या केल्या, पण नफ्यातोट्याचा विचार बाजूला ठेवून केलेली नवी गाडी २००० साली सुरू झालेल्या प्रकल्पातून आली. प्रमुख अभियंता हारुहिको तानाहाशी. त्यांनी नऊ-दहा वर्षं या एका गाडीला दिली. नमुने प्रदर्शनांत येत, लोक टाळ्या वाजवत आणि मग पुन्हा शांतता. २००५ च्या सुमारास, अॅल्युमिनियमची गाडी बरीच पुढे गेलेली असताना, तानाहाशींच्या चमूने सांगाडा पुन्हा मुळापासून करायचं ठरवलं : अॅल्युमिनियम नको, कार्बन फायबर हवं. वजन सुमारे १०० किलोने उतरणार होतं. वेळ आणि खर्च किती वाढणार हे कळत असूनही कंपनीने होकार दिला.

कार्बन फायबर म्हणजे शेवटी कापडच. कोळशासारखे काळे, केसाहून बारीक तंतू, त्यांचं सूत, त्या सुताचं कापड आणि कापडाला रेझिनची खळ देऊन कडक केलेलं. ताकद धाग्याच्या दिशेनेच मिळते, म्हणून धागा कुठून कुठे जातो हे सगळ्यांत महत्त्वाचं. अशा सुताचा सपाट तागा कापून साच्यात बसवणं एक वेळ सोपं. पण छपराची कड आणि समोरच्या काचेचा खांब हा लांब, वळलेला, पोकळ नळीसारखा भाग. तिथे कापड जोडून चालत नाही, नळीच विणावी लागते. त्यासाठी टोयोटाने गोल माग बनवला.

तो कसा चालतो हे गोव्याच्या माणसाला चटकन कळेल. शिगम्यात गोफ नाचतात. वर मधोमध रंगीत दोर बांधलेले, प्रत्येक नाचणाऱ्याच्या हातात एक टोक. निम्मे उजवीकडून निघतात, निम्मे डावीकडून. एकाच्या आतून, पुढच्याच्या बाहेरून अशी पावलं पडत जातात आणि वर दोरांची वेणी उतरू लागते. गोल मागात नाचणाऱ्यांच्या जागी सुताच्या कांड्या असतात, एका मोठ्या कड्यावर आतबाहेर फिरणाऱ्या. मधून साचा पुढे सरकतो आणि त्याच्या अंगावर काळ्या धाग्यांचा गोफ विणला जातो. जिथे साचा जाड होतो तिथे गोफ फाकतो, जिथे वळतो तिथे गोफही वळतो. कुठेही सांधा नाही.

नागोयाला टोयोटाचं यंत्रांचं संग्रहालय आहे, जुन्या कापडगिरणीच्या विटांच्या इमारतीत. आत शिरल्याबरोबर दिवाणखान्याएवढ्या मोकळ्या जागेत एक उंच गोल माग उभा दिसतो. साकिचीने १९०६ साली शोधलेला. धोटा डावीउजवीकडे आपटत नेण्यापेक्षा गोल फिरवला तर आवाज कमी, ताकद कमी आणि कापड जास्त, असा त्याचा विचार होता. त्यासमोर उभं राहिलं की एलएफएच्या खांबाचा माग आणि हा माग यांमधली शंभर वर्षं गळून पडतात. मी तिथे गेलो तेव्हा मोटारींचं दालन बघायला घाई होती, तरी त्या मागापाशी पाय अडले होते.

आता एलएफएच्या इंजिनाकडे. ४.८ लिटर, व्ही आकारात दहा सिलिंडर, दोन ओळींमधला कोन ७२ अंश. कोन सुंदर दिसतो म्हणून निवडलेला नाही. दहाही सिलिंडर एकदा पेटायला क्रँकचे दोन फेरे, म्हणजे ७२० अंश लागतात. ७२० भागिले १० बरोबर ७२. या कोनात भडके अगदी समान अंतराने उडतात. तबल्यावर मात्रा समान पडल्या तरच ठेका स्वच्छ ऐकू येतो, तसंच. प्रत्येक सिलिंडरला इथेही स्वतःचा थ्रॉटल, म्हणजे हवा कमीजास्त सोडणारी झडप. २०००जीटीच्या सहा नळ्या आठवा : गळा प्रत्येकाचा वेगळा, हे तत्त्व त्रेचाळीस वर्षांनी कार्बोरेटर जाऊनही टिकलं. व्हॉल्व्ह आणि कनेक्टिंग रॉड टायटॅनियमचे, म्हणजे हलणारा भाग हलका. ताकद ५६० अश्वशक्ती, गाडीचं वजन १४८० किलो, कमाल वेग ताशी ३२५ किलोमीटर.

पण या इंजिनाची खरी ओळख करून देणारा आकडा वेगळाच. उभ्या गाडीत पाय दाबला की ०.६ सेकंदात ते ९००० वर पोचतं. डोळ्याची पापणी दोनदा लवते न लवते तोच. नेहमीच्या आरपीएम मीटरचा काटा खरा असतो, त्याला वजन असतं, आणि तो या इंजिनाच्या मागे पडायचा. म्हणून तानाहाशींच्या लोकांनी खरा काटा काढून पडद्यावर काढलेला काटा बसवला. आज कितीतरी गाड्यांत तसा पडदा असतो, दिखाव्यासाठी. इथे तो नाइलाजाने आला. २०००जीटीच्या शिसवी फळीतला तो नाजूक पांढरा काटा आणि हा वजन नसलेला काटा : दोन गाड्यांमधलं अंतर मला इतक्या जवळून दुसऱ्या कशातच दिसत नाही.

आवाजासाठी यामाहाने मोटरसायकलींचे अभियंते आणि वाद्यांचे जाणकार दोघांनाही बसवलं. आवाजात एकच सूर नसतो. तंबोऱ्याची तार छेडली की षड्जाबरोबर वरचे कितीतरी सूर आपोआप ऐकू येतात. त्यातला कोणता उठून दिसावा आणि कोणता दबावा, यावर तंबोरा गोड की कर्कश ते ठरतं. वाद्य बनवणारा भोपळ्याची जाडी, लाकडाचा पातळपणा, जवारी यांतून ते साधतो. एलएफएमध्ये भोपळ्याचं काम हवा साठवणाऱ्या एका डब्याने केलं. त्याच्या पृष्ठभागावर असे कंगोरे दिले की हव्या त्या सुरांना तो थरथरून साथ देईल. तिथला नाद नळ्यांतून थेट बसणाऱ्यांच्या कानाशी आणला. आजकाल कित्येक महागड्या गाड्या इंजिनाचा आवाज स्पीकरवर वाजवतात. इथे स्पीकर नाही. ऐकू येतं ते सगळं खऱ्या हवेचं आणि खऱ्या धातूचं.

या गाडीच्या नावावर एक मृत्यूही आहे, आणि तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. हिरोमु नारुसे १९६३ मध्ये टोयोटात मेकॅनिक म्हणून लागले आणि कंपनीचे मुख्य चाचणी चालक झाले. साकिचीचे पणतू आकिओ टोयोडा यांना गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं. मालकाच्या घरातल्या माणसाला, ज्याला गाडी चालवता येत नाही त्याने गाड्यांवर बोलू नये, असं तोंडावर सांगणारे ते गुरू. पुढे आकिओ ‘मोरिझो’ नाव घेऊन जर्मनीत न्यूरबुर्गरिंगच्या २४ तासांच्या शर्यतीत उतरले, एलएफए घेऊनही. २३ जून २०१० ला, उत्पादन सुरू व्हायला सहा महिने उरले असताना, त्याच ट्रॅकजवळच्या साध्या रस्त्यावर एलएफए चालवताना समोरासमोर धडक होऊन नारुसे गेले. पुढच्या वर्षी एलएफएच्या खास आवृत्तीने त्या ट्रॅकचा फेरा ७ मिनिटं १४.६४ सेकंदांत मारला.

डिसेंबर २०१० ते डिसेंबर २०१२, दिवसाला एक या हिशेबाने ५०० गाड्या झाल्या. प्रत्येक इंजिन एकाच कारागिराने जोडलेलं, त्यावर त्याची सही. अमेरिकेतली किंमत ३ लाख ७५ हजार डॉलर. टीका झालीच. त्याच वेळी निसानची जीटी-आर चौथ्या हिश्श्याहून कमी पैशांत मिळत होती आणि शून्य ते शंभरच्या शर्यतीत पुढे निघत होती. फेरारीही एलएफएहून बरीच स्वस्त पडे. एलएफएचा गिअरबॉक्स एकाच क्लचचा, गिअर पडताना ठसका बसायचा. वेळही वाईट : मार्च २००९ ला संपलेल्या वर्षात टोयोटाने सत्तर वर्षांत पहिल्यांदा कामकाजात तोटा दाखवलेला. २०१७ मध्येसुद्धा अमेरिकेत डझनभर कोऱ्या एलएफए विकल्या न जाता पडून होत्या.

मग या गाड्या आज इतक्या महाग का? संग्राहकांचा बाजार कसा चालतो ते थोडक्यात. जुन्या गाडीची किंमत वेगावर ठरत नाही. किती झाल्या, त्यांतल्या किती उरल्या, चेसिस आणि इंजिनाचे नंबर मूळचेच आहेत का, कोणाकडे होती, आणि नंतर तशी पुन्हा कोणी केली का, यावर ठरते. शेवटचा प्रश्न दोन्ही गाड्यांच्या बाजूने आहे, तशी पुन्हा कोणी केली नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या लिलावात एक २०००जीटी ११ लाख ५५ हजार डॉलरना गेली. लिलावात दहा लाखांचा टप्पा ओलांडणारी ती पहिली जपानी मोटार म्हणून तेव्हा गाजली. २०२२ मध्ये कॅरल शेल्बी या अमेरिकन शर्यतपटूच्या संघाकडून शर्यतीत पळालेली २०००जीटी २५ लाख ३५ हजार डॉलरना गेली. तीच गाडी जिने १९६८ मध्ये शर्यतीचा हंगाम काढला, म्हणून हा भाव. साध्या २०००जीटीला तो लागू करू नये. एलएफए आता दहा लाख डॉलरच्या घरात खेळते.

सांभाळायच्या गोष्टीत मात्र दोघींचे त्रास वेगळे. २०००जीटीला गंज, सुकलेलं रबर, फुगलेलं किंवा तडकलेलं लाकूड आणि तीन कार्बोरेटर एकमेकांशी जुळवत बसणं. हे सगळं हाताने करता येतं. चांगला मिस्त्री कार्बोरेटरला कान लावून जुळवणी करतो. पार्ट मिळत नव्हते, पण २०२० पासून टोयोटाने २०००जीटीच्या गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचे काही भाग पुन्हा बनवून गाडीमालकांना द्यायला घेतले. एलएफएला गंज चढणार नाही, पण कार्बनचा खांब तडकला तर तो ठोकून सरळ करता येत नाही, आणि पडदा किंवा संगणक गेला तर कान लावून काही उपयोग नाही. पन्नास वर्षांनी कोणती गाडी धावती ठेवणं सोपं असेल, असं विचाराल तर मी बेधडक २०००जीटी म्हणेन.

मोठी कोणती? माझ्या मते एलएफए. २०००जीटीत इंग्लंडची सावली आहे. एलएफए कोणासारखीच नाही, तिचा सांगाडा तिच्या घरच्या मागावर विणला गेला आणि गळा भागीदाराच्या वाद्यशाळेत तयार झाला. पण २०००जीटी झाली नसती तर यामाहाचे लोक आणि टोयोटाचे लोक एका टेबलावर कधी बसलेच नसते, आणि म्हणून लिलावात तिला मिळणारा जास्त मान मला खटकत नाही.

जपानात इसे इथलं शिंतो देवस्थान दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेत नव्याने बांधतात. जुनं लाकूड किडलेलं नसतं. पण वीस वर्षांत सुतारांची एक पिढी म्हातारी होते, आणि नव्या पिढीला हातात हत्यार घेऊन शिकायला देऊळच बांधावं लागतं. टोयोटाचे लोक आपल्या या खास गाड्यांबद्दल बोलताना हाच दाखला देतात. डिसेंबर २०२५ मध्ये त्यांनी पुढची फेरी दाखवली. त्यातली जीआर जीटी चार लिटरच्या व्ही-८ इंजिनाची, जोडीला विजेची मोटर. दुसऱ्या गाडीला त्यांनी एलएफएचंच नाव दिलं आहे. ती पूर्ण बॅटरीवरची. तिला सिलिंडर नाहीत, त्यामुळे सुरुवातीच्या गुणाकारात तिथे शून्य येतं, आणि पेटीवर तिच्यासाठी दाबायला पट्टी सापडत नाही.